माद्रिदची १९६९ची गिटार घ्यावी का? (आवाजाबद्दल सविस्तर)

मंद्र

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक धागे गाण्याचे, पेटी-तबल्याचे असतात, तरी क्लासिकल गिटार वाजवणारे चार-सहा जण आहेत हे जुन्या प्रतिसादांवरून ठाऊक आहे. त्यांच्यासाठी, आणि लाकडाच्या वाद्यांत ज्यांना रस आहे त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

मी म्युनिकला राहते. माझ्या मास्तरांनी आता वाजवणं थांबवलंय आणि ते एकेक वाद्य काढून टाकताहेत. त्यातली एक गिटार त्यांनी मला घरी नेऊन वाजवून बघायला दिली आहे. आतल्या कागदावर हातानं लिहिलंय: माद्रिद, १९६९. कारागिराचं नाव इथे देत नाही. एक तर सौदा व्हायचाय, दुसरं म्हणजे वाद्याच्या खोडीही सांगायच्या आहेत.

वरची फळी सीडरची, पाठ आणि बाजू शिसवी, फिंगरबोर्ड आबनूसचा. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६६४ मिमी, नेहमीच्या ६५० पेक्षा लांब. स्पिरिट पॉलिश केलेलं आहे आणि उजवा हात टेकतो तिथलं पार उडालंय.

आता आवाज. पहिली तार बाराव्या फ्रेटपर्यंत आणि त्याच्या वरही भरीव राहते. माझ्या सध्याच्या, बऱ्यापैकी महागड्या नव्या गिटारवर तिथे सूर बारीक होतो, नखाचा आवाजच जास्त ऐकू येतो. इथे नखाची टिचकी ऐकूच येत नाही, सूर सुरुवातीपासून गोल. घोडीकडे हात सरकवला तर आवाज नाकातला होतो, पण टोचत नाही. फिंगरबोर्डच्या टोकाशी नेला तर धूसर होतो, तरी शब्द कळतात, म्हणजे मधले सूर वेगळे ऐकू येतात. तीन आवाजांची फ्यूग (एकच चाल वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात अशी रचना) वाजवताना मधला आवाज कुठे गेला हे शोधावं लागत नाही. मला या गिटारनं धरलं ते इथेच.

खोडी: सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे खालचा जी, छेडला की एकदम फुगतो आणि लगेच बसतो. शेजारचे एफ शार्प आणि जी शार्प व्यवस्थित वाजतात. तिसरी तार पाचव्या फ्रेटनंतर बोदी वाटते. आणि टॉपवर, म्हणजे वरच्या फळीवर, बासच्या बाजूला एक जुनी चीर आहे, आतून लाकडी चकत्या लावून मिटवलेली.

प्रश्न असे: हा आवाज ५०-५५ वर्षांच्या वयामुळे आलाय की ती पहिल्या दिवसापासून अशीच असेल? जी चं काय करायचं? आणि दोन-तीन वर्षांत पुण्याला परतायचा बेत आहे, तिथली हवा तिला सोसेल का?

चिवचिव

वाचतेय. माझा बाळबोध प्रश्न: क्लासिकल गिटार म्हणजे नायलॉनच्या तारांचीच ना? आणि सीडर म्हणजे आपला देवदार?

मंद्र

हो, वरच्या तीन नायलॉनच्या, खालच्या तीन रेशमासारख्या बारीक धाग्यांवर धातूची तार गुंडाळलेल्या. पूर्वी वरच्या तीन तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागलं आणि तुटवडा पडला. न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीननं चाळीसच्या दशकात नायलॉनच्या तारा करायला घेतल्या आणि स्पेनच्या नामवंत गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियानं त्या उचलून धरल्या.

हे सीडर म्हणजे देवदार नव्हे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं निराळंच झाड आहे. तांबूस, हलकं, नखानं दाबलं तरी खड्डा पडतो.

रंधा

मंद्र, ६६४ आणि सीडर वाचूनच कळलं की त्या कारागिरावर होसे रामिरेझ तिसऱ्याची सावली आहे. गिटार करणाऱ्या रामिरेझ घराण्यातल्या या गृहस्थानं साठच्या दशकाच्या मध्याला माद्रिदमध्ये स्प्रूस या फिकट लाकडाऐवजी सीडरचे टॉप वापरायला सुरुवात केली. तोवर उत्तम गिटार म्हणजे युरोपियन स्प्रूस हे ठरलेलं होतं. त्याला हवा होता मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज, माइकशिवाय. त्यासाठी त्यानं अंग मोठं केलं, स्केल ६६४ केली. सेगोव्हिया त्याच्या गिटार वाजवायला लागला आणि मग निम्म्या माद्रिदनं तोच कित्ता गिरवला.

हिशेब साधा आहे. तीच तार, तोच सूर, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५० वरून ६६४ म्हणजे लांबी २ टक्क्यांनी जास्त, ताण ४ टक्क्यांहून थोडा जास्त. तुमच्या पहिल्या तारेच्या भरीवपणात याचा वाटा आहे. डाव्या हाताला मात्र किंमत मोजावी लागते, पहिल्या पोझिशनमधले (मानेच्या टोकाकडच्या पहिल्या फ्रेटांवरचे) ताणलेले कॉर्ड वाजवून बघितलेच असतील.

सीडर पहिल्या दिवसापासून बोलतं असा सगळ्या कारागिरांचा अनुभव आहे. स्प्रूसला वेळ लागतो म्हणतात. तेव्हा १९६९ साली ही गिटार वाजवणाऱ्यालाही बराचसा हाच आवाज मिळाला असणार असं माझं मत. मी हौसेखातर गिटार करतो, पोटापाण्यासाठी नाही, तेव्हा मत त्याच भावानं घ्या.

खवट_खारीक

म्हणजे जुनी दारू, जुना मित्र वगैरे सुभाषितं गिटारला लागू नाहीत तर. मास्तरांना हा धागा दाखवू नका, किंमत कमी करायच्या ऐवजी गिटारच परत मागतील.

सोपानकाका

वयाच्या प्रश्नाकडे जरा शिस्तीत बघू. मी भौतिकशास्त्र शिकवायचो, वाजवत काहीच नाही, त्यामुळे माझा कान या वादात तटस्थ आहे.

लाकूड जुनं होताना त्यातलं हेमिसेल्युलोज हळूहळू विघटित होतं. लाकूड किंचित हलकं होतं, हवेतला ओलावा कमी शोषतं, कंपनं आत कमी जिरतात. इथपर्यंत शास्त्र खंबीर आहे. पण त्यातून 'म्हणून आवाज गोड होतो' हे आपोआप निघत नाही.

ऑस्ट्रेलियात एक छान प्रयोग झाला होता. एकाच कारागिरानं एकाच झाडाच्या लाकडातून व्हायोलिनची जोडी केली. एक वादकाकडे दिलं, तो ते रोज वाजवत राहिला. दुसरं संग्रहालयात ठेवलं. तीन वर्षांनी दोन्ही वाजवून, ऐकवून पाहिली. ठरवून सांगता येईल असा फरक निघाला नाही.

आणि स्ट्रॅडिव्हेरियसची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. २०१० साली इंडियानापोलिसमध्ये २१ वादकांना वेल्डिंगचे गॉगल लावून, हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत सहा व्हायोलिनं दिली. तीन नवी, तीन जुनी नामवंत इटालियन: दोन स्ट्रॅडिव्हेरियस, एक ग्वार्नेरी. सगळ्यात कमी पसंती मिळालेलं वाद्य एक स्ट्रॅडिव्हेरियस होतं. बहुतेकांना घरी न्यायला आवडेल असं वाद्य नवं निघालं.

मंद्रताई, तुम्हाला एक सुचवतो. मैत्रिणीला सांगा, डोळे बांधून तुमच्या हातात दोन गिटार आलटून पालटून द्यायला.

मंद्र

काका, डोळे बांधून या दोन गिटारमधली कुठली हे ओळखणं फार सोपं आहे. ६६४ ची मान डाव्या हाताला लगेच कळते आणि जुन्या पॉलिशचा वाससुद्धा येतो! दुसऱ्यानं वाजवायचं आणि मी पाठ करून ऐकायचं, हे केलंय. खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोन्हींमधला फरक बराच कमी होतो, हे खरं आहे. नवी गिटार लांबून थोडी मोठीच वाटली. पण मधला आवाज सुटा ऐकू येणं, ते लांबूनही टिकलं.

रंधा

काकांच्या यादीत एक भर, थेट गिटारचीच. इंग्लंडमध्ये सहा गिटार अगदी एकसारख्या करून घेतल्या, फक्त पाठ आणि बाजूचं लाकूड वेगवेगळं: ब्राझिलियन शिसवी, भारतीय शिसवी, मॅपल, महोगनी, अक्रोड, सापेली. ५२ वादकांनी अंधूक उजेडात, डोळ्यांवर गॉगल लावून वाजवल्या. गुणांकनात म्हणावा असा फरक नाही. २०१८ मध्ये निकाल छापून आला. त्या स्टीलच्या तारांच्या होत्या, पण मुद्दा तोच.

मुळात हे १८६२ मध्येच सिद्ध झालं होतं. आन्तोनिओ दे तोरेस, आजच्या क्लासिकल गिटारचा मूळ पुरुष. मूळचा अल्मेरियाचा सुतार. त्यानं एक गिटार केली तिची पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या, फक्त टॉप उत्तम स्प्रूसचा. त्याला दाखवायचं होतं की आवाज टॉपमध्ये आहे, बाकी आधार. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

टॉपच्या आतल्या बाजूला पंख्यासारख्या सात पट्ट्या चिकटवायची जी रचना त्यानं पक्की केली, ती आजही बहुतेक क्लासिकल गिटारमध्ये दिसते. पट्ट्या हव्यात कशाला? टॉप जितका पातळ, तितका तो सहज हलतो. पण तारांचा ताण सगळा मिळून ४० किलोच्या आसपास जातो. नुसता पातळ टॉप घोडीसकट उलटेल. तेव्हा टॉप अडीच मिमीच्या आसपास ठेवायचा, काठाकडे अजून उतरवायचा, आणि पट्ट्यांनी नेमका जिथे हवा तिथे ताठपणा द्यायचा. ही खरी कारागिरी. फळी हातात धरून वाकवायची, टिचकी मारून कान लावायचा, रंध्याचा एक हात मारायचा, परत वाकवायची. दोन फळ्या एकाच खोडातून निघाल्या तरी एक ताठ निघते, एक मऊ. यंत्रानं सगळ्यांना एकच जाडी दिली तर त्यातल्या काही बोलतात, काही मुक्या राहतात. हातानं करणाराचा फायदा एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

खवट_खारीक

पुठ्ठ्याची गिटार! मग शिसवीसाठी जंगलं कशाला साफ केली म्हणे?

रंधा

दिसते देखणी, वाकते छान, घट्ट आहे म्हणून कंपनं फार खात नाही. आणि गिऱ्हाईक मागतं. शेवटचं कारण बहुधा पहिलं.

तोरेसचंच अवांतर: पुढे धंदा चालेना म्हणून त्यानं गिटार करणं सोडून अल्मेरियात काचसामानाचं दुकान घातलं होतं. काही वर्षांनी परत गिटारकडे वळला. त्या दुसऱ्या डावातल्या गिटार आज संग्रहालयांत आहेत.

कृष्णाकाठ

मिरजेत लहानाचा मोठा झालो, घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. गिटारमधलं कळत नाही पण रंधा यांनी लिहिलेलं 'वाकवायची, टिचकी मारायची, परत तासायची' हे डोळ्यांसमोर आलं. तंबोऱ्याची तबली बसवायच्या आधी कारागीर हेच करतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते वाळवून ठेवलेले असतात, कुठला भोपळा कुठल्या वाद्याला हे आधीच मनात ठरलेलं असतं.

एक शंका. हातानं केलेलं म्हणजे कुणाच्या हातानं? आमच्याकडे भोपळ्याचं काम एकजण करतो, दांडीचं दुसरा, नक्षी तिसरा, आणि जवारी काढायला घरातला सगळ्यात जाणता हात. नाव दुकानाचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेही गावाच्या नावावर, एका माणसाच्या नाही. स्पेनमध्ये कागदावर ज्याचं नाव त्यानंच केली असं असतं का?

रंधा

नेमका प्रश्न. लहान कारागीर असेल तर हो, एकटाच किंवा मुलाला हाताशी घेऊन. मोठ्या कार्यशाळेत नाही. रामिरेझकडे बरेच कसबी कारागीर होते. कागदावर रामिरेझची सही, पण गिटार ज्यानं बांधली त्याच्या नावाच्या अक्षरांचा शिक्का आत मारलेला असे. जाणकार खरेदीदार आरसा घालून आधी तो शिक्का शोधतात. मानुएल कोंत्रेरास, पाउलिनो बेर्नाबे, फेलिक्स मान्झानेरो हे सगळे तिथे काम करून मग स्वतःच्या नावानं बसले आणि तिघांचीही नावं झाली.

त्याच्याही आधीचं उदाहरण म्हणजे सेगोव्हियानं तरुणपणी वाजवलेली १९१२ची मानुएल रामिरेझची गिटार. ती सान्तोस एर्नान्देसच्या हातची असं मानतात, तो तेव्हा तिथे नोकरीला होता. ती आणि हेर्मान हाउझरची १९३७ची, अशा सेगोव्हियाच्या दोन्ही गिटार आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. हाउझर म्युनिकचाच, मंद्र, तुमच्या गावचा. जर्मन माणूस, आधी तिथल्या पद्धतीच्या गिटार करायचा. सेगोव्हियाची गिटार बघून, मोजून स्पॅनिश वाट धरली आणि मग सेगोव्हियाच त्याचं गिऱ्हाईक झाला. तेव्हा स्पॅनिश आवाजाला स्पॅनिश हातच लागतो असंही नाही.

मंद्र

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून मी आरसा आणि छोटा दिवा घालून बघितलं. शिक्का नाही, पण आत पट्ट्यांवर पेन्सिलीच्या खुणा दिसताहेत, आणि एका पट्टीचं टोक दुसऱ्या पट्ट्यांपेक्षा जास्त तासलंय. पाचव्या-सहाव्या तारेच्या बाजूची. तासलेल्या जागी पटाशीचे घाव अजून कोरे आहेत, घासून गुळगुळीतसुद्धा केलेले नाहीत. वाद्य तयार झाल्यावर, भोकातून हात घालून ते तासलं असावं असं मास्तर म्हणाले.

आता जी बद्दल कुणीतरी बोला.

रंधा

जी म्हणजे 'वुल्फ' सूर. पोकळीतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर येतो तसाच, भोक हे बाटलीचं तोंड. क्लासिकल गिटारमध्ये तो साधारण ९० ते १०५ हर्ट्झमध्ये कुठेतरी बसतो. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झ. तुमच्या गिटारमध्ये हवेचा सूर बरोबर ९८ वर किंवा अगदी जवळ असणार. दोघं जुळले की तार आपली सगळी शक्ती एका दमात पेटीला देऊन मोकळी होते. म्हणून आधी फुगतो, मग बसतो.

बऱ्याच चांगल्या गिटारमध्ये असा एखादा सूर असतो. कारागीर प्रयत्न करतो की हवेचा सूर दोन फ्रेटच्या मध्ये पडावा, म्हणजे दोघांवर थोडा थोडा भार येईल.

करून बघा: सहावी तार हळूहळू उतरवत तोच तिसरा फ्रेट वाजवा. फुगवटा कुठे सगळ्यात जास्त होतो ते फोनवरच्या ट्यूनरवर बघा. मग तार परत सुरात लावा आणि भोकाच्या कडेला जाड कागदाची चंद्रकोर चिकटपट्टीनं लावा, भोक किंचित लहान करा. हवेचा सूर खाली सरकेल. ९५ च्या आसपास नेलात तर तो जी आणि एफ शार्पच्या मध्ये येईल. दोन्ही थोडे फुगतील पण एकही बसणार नाही. तोरेस कधी कधी भोकाच्या आत पत्र्याची नळकांडी बसवायचा, तिनंही हवेचा सूर खाली जातो. म्हणजे तुमच्या कागदाला खानदान आहे.

पॉलिशवर चिकटपट्टी थेट लावू नका. आतल्या बाजूनं लावा.

सोपानकाका

हे फार आवडलं. हेल्महोल्ट्झचा अनुनादक शिकवताना बाटलीच वापरायचो, गिटार वर्गात न्यायला हवी होती.

म्हापशेकार

तिसऱ्या तारेचं मी सांगतो. गिटार बदलू नका, तार बदला. नायलॉनची तिसरी तार साधारण १ मिमी जाड. जाड म्हणून बोदी, सगळ्यांच्याच गिटारवर कमीजास्त असते. फ्लुरोकार्बनची घ्या. तो पदार्थ जास्त घन, त्यामुळे तोच ताण, तोच सूर सुमारे ०.८ मिमीत बसतो. बारीक तार, जास्त मोकळा सूर. आमच्याकडे मासे गरवायची दोरी त्याच पदार्थाची येते. एका मित्रानं तीच लावली होती आणि चालली, पण जुन्या वाद्याला नीट तारांच्या कंपनीचीच लावा. ताण छापलेला असतो तो वाचा. ५५ वर्षांच्या टॉपला 'हाय टेन्शन' नको, नॉर्मल किंवा त्याहून कमी.

आता हवा. म्हापशाला आमच्या घरात तीन गिटार आहेत आणि एक पोर्तुगीज गिटार, तिची गोष्टच वेगळी. बारा धातूच्या तारा, गोल पोट, पोर्तुगालच्या फादो गाण्यांना वाजवतात ती. गोव्यात नवीन लोक तिला मेंडोलिन म्हणतात तेव्हा वडील चिडायचे. असो. पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, टॉप फुगतो, घोडी वर येते, तारा उंच होतात. बाराव्या फ्रेटवर पहिली तार ३ मिमी असेल ती जुलैत साडेतीन-चार दिसते. आम्ही दोन सॅडल (घोडीवर तारा टेकतात त्या पट्ट्या) ठेवतो, हाडाच्याच, एक पावसाळ्याची आणि एक थंडीची. मला स्वतःला पावसाळ्यापेक्षा कोरडी हवा जास्त भीतीची वाटते. फुगलेलं लाकूड परत येतं, चिरलेलं येत नाही.

रंधा

पुण्याबद्दल: एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते, जुलै-ऑगस्टात ८० च्या वर. गिटारला मानवते ४५ ते ५५. पण मंद्र, तुमच्या गिटारनं पन्नासेक हिवाळे हीटर लावलेल्या जर्मन घरांत काढले असतील तर तिनं पुण्याचा मे तिथेच पाहिलाय. बाहेर बर्फ, आत हीटर, आर्द्रता २५-३०. टॉपची चीर बहुधा अशाच एखाद्या जानेवारीतली.

घरभर यंत्र लावायची गरज नाही. पेटी चांगली घट्ट झाकणाची घ्या, आत आर्द्रतामापक आणि दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या पुड्या, म्हणजे जास्त झालं तर शोषणाऱ्या, कमी झालं तर सोडणाऱ्या. नुसती सिलिका जेल मे महिन्यात ठेवली तर चीर स्वतःच्या हातानं पाडल्यासारखं. गाडीत ठेवू नका, डिकीत तर मुळीच नाही. सांधे सरसानं जोडलेले असणार, सरस गरम झाला की सुटतो. दुरुस्ती करणाऱ्याला तेच सोयीचं, सांधा उघडून परत जोडता येतो. पण उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो आपणहून उघडतो.

आणि पॉलिश उडालंय त्याला हात लावू नका. ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं. आपल्याच झारखंड-छत्तीसगडकडच्या जंगलांतली लाख जगभर जाते. इथला कुठलाही जुना सुतार तो भाग भरून देईल, कापडाची पुरचुंडी घेऊन. पण त्याला आधी सांगा की जाड थर नको. टेबलाला चालतो तो थर टॉपला जड होतो.

खवट_खारीक

पाठ भारतीय शिसवी, पॉलिश भारतीय लाख. गिटार माहेरपणाला येतेय तर. साडीचोळी तयार ठेवा.

मंद्र

खारीक, पाठ आपल्याकडची आहे की नाही तिथेच तर घोडं अडलंय. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमधून ओंडके मिळेनासे झाले आणि स्पेनमधले कारागीर भारतीय शिसवीकडे वळले. १९६९ म्हणजे अगदी उंबरठ्यावरचं साल, दोन्ही शक्य. मास्तर म्हणतात ब्राझिलियन. विकणारे सगळेच ब्राझिलियन म्हणतात, त्यानं भाव चढतो.

पण माझ्या दृष्टीनं ती भारतीय निघाली तर बरी! ब्राझिलियन शिसवी १९९२ पासून सिटीस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत, आहे. युरोपीय संघात तशी गिटार नुसती विकायलासुद्धा सरकारी दाखला लागतो, आणि संघाबाहेर न्यायची तर परवाना वेगळा. बाकीच्या शिसवींवर २०१७ च्या जानेवारीत निर्बंध आले, आपल्या शिसवीसकट, तेव्हा वादकांची विमानतळांवर फार तारांबळ झाली होती. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियनला मात्र ती सूट नाही.

म्हणून मास्तरांना सांगितलंय की लाकडाच्या जाणकाराकडून तपासून लेखी घेऊ. ब्राझिलियन निघाली तर दाखला त्यांनी काढायचा. भारतीय निघाली तर किंमत त्याप्रमाणे. त्यांना हे फारसं रुचलेलं नाही.

चिवचिव

पण आवाज तर दोन्हीचा सारखाच, असं वर ठरलं ना? मग किंमत कशाची?

खवट_खारीक

चिवचिव, तू या धाग्यावरची सगळ्यात हुशार व्यक्ती आहेस.

कृष्णाकाठ

आमच्याकडेही एखाद्या नामवंत गवयाचा तंबोरा म्हणून सांगितलं की भाव दुप्पट. तंबोरा तोच असतो.

सोपानकाका

चिवचिवताई, दुर्मिळपणाची किंमत. ती कानानं मोजत नाहीत. पण मंद्रताईंनी पहिल्याच प्रतिसादात जे लिहिलं, मधला आवाज सुटा ऐकू येतो, ते मला महत्त्वाचं वाटतं. वयानं की लाकडानं, याचं उत्तर बहुधा त्या तासलेल्या पट्टीत आहे. कुणीतरी वाद्य तयार झाल्यावर ऐकलं, समाधान झालं नाही, आणि पटाशी घेऊन परत आत हात घातला. ते मोजायला कुठलंही संग्रहालय किंवा गॉगल लागत नाही.

रंधा

काका, सहमत, फक्त एक पाचर. ती पट्टी तासल्यानं आवाज सुधारला की बिघडला हे आपल्याला ठाऊक नाही. कदाचित जी चा वुल्फ त्यातूनच आला असेल. टॉप सैल झाला की हवेचा सूरही थोडा खाली येतो.

मंद्र

चंद्रकोर लावली! पोस्टकार्डाची. ट्यूनरवर फुगवटा आधी ९८ ला होता, आता ९५ च्या जरा वर आहे. जी आता माणसात आलाय. एफ शार्प किंचित जाड झालाय, पण मी डी मेजरमध्ये वाजवते तेव्हा तो जाडपणा हवाच असतो. कार्ड लावल्यावर एकूण बास जरा गडद वाटतो, आवाजाचा धक्का थोडा कमी. हे कायम ठेवीन असं नाही, पण खोड काबूत येते एवढं कळलं.

तिसरी तार कार्बनची लावली, सूर वर मोकळा झाला, पण आता दुसऱ्या नायलॉनच्या शेजारी तिचा रंग वेगळा पडतो, थोडी चकचकीत. नखाचा कोन बदलून जुळवून घेतेय.

डाव्या हाताचं मात्र रंधा म्हणाले तसंच. पहिल्या पोझिशनमध्ये करंगळी पोचते पण आनंदानं नाही. तासाभरानं मनगट बोलायला लागतं. मास्तरांचा पंजा माझ्या दीडपट आहे.

म्हापशेकार

पहिल्या फ्रेटवर कापो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून बघा. स्केल ६२७ होते, हात सैल पडतो. रियाज तसा करा, अर्धा सूर वर. कार्यक्रमाला काढा.

मंद्र

६६४ भागिले १.०५९, बरोबर, ६२७. हे डोक्यात आलं नव्हतं. करते.

चिवचिव

ताई, रेकॉर्डिंग टाका ना. चंद्रकोरीसह आणि विना.

रंधा

हो, टाकाच. फोन भोकासमोर धरू नका, तिथे हवेचाच आवाज सगळ्यात मोठा येतो आणि प्रत्येक गिटार बोजड वाटते. मान जिथे पेटीला मिळते त्याच्या समोर, दोन-तीन फुटांवर, खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवा. पडदे असलेली खोली नको, रिकाम्या भिंतीचीच बरी. आणि दोन्ही वेळा एकच तुकडा वाजवा, ज्यात खालचा जी लांब धरलेला आहे असा, नाहीतर खारीक म्हणेल की चंद्रकोर लावल्यावर तुम्ही सोपं वाजवलंत.